गाडी कुठे भेटणार, हे आधी ठरवा

सोलापूरहून सह्याद्रीत लांब पल्ल्याच्या ट्रेकला जाणाऱ्या गटांमध्ये बूट, तंबू आणि शिधा यांवर भरपूर चर्चा होते. गाडी कोणत्या गावी सोडायची आणि कोणत्या गावी पुन्हा भेटायची, हा प्रश्न मात्र आदल्या रात्री मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवून निकालात काढला जातो. एका दिवसाच्या किल्ल्यासाठी हे चालून जाते. पण तीन-चार दिवस डोंगरधारेवरून चालायचे असेल, तर वाट ठरवण्याआधी त्या वाटेला गाडीरस्ता कुठे कुठे येऊन मिळतो हे ठरवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या ट्रेकरचे काही बिनसले तर तो मिळेल त्या एसटीने रात्रीपर्यंत घरी पोहोचतो. आपल्याला पुण्याच्या पुढे आणखी अडीचशे किलोमीटर यायचे असते.

राजगड–तोरणा–रायगड ही वाट यासाठी फार शिकवणारी आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार मध्येच भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडते. ज्याचा गुडघा दुखू लागला आहे, त्याला तिथे सन्मानाने गाडीत बसवता येते आणि नको झालेले ओझेही उतरवता येते. तोरण्यानंतर सिंगापूर-मोहरीपर्यंत घाटमाथ्यावर गाडी येऊ शकते, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मोहरीहून रायलिंग पठाराच्या बाजूने बोराट्याच्या नाळेत, म्हणजे अरुंद दगडी घळीत, उतरलेला माणूस काही तासांत लिंगाणा किल्ल्याच्या पायथ्याशी, कोकणात पोहोचतो. गाडीला मात्र मागे वेल्हे, नसरापूर, भोर असे जाऊन वरंधा घाटाने महाडला उतरावे लागते आणि तिथून पुन्हा डोंगराकडे पाने गावापर्यंत चढावे लागते. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाट बंद असला, तर ताम्हिणी किंवा आंबेनळीचा वळसा ठरलेला. रात्रभर सोलापूरहून गाडी हाकून आलेल्या चालकाने हा फेरा त्याच दिवशी मारावा, अशी अपेक्षा आपण सहज करतो आणि त्याच्या झोपेचा हिशेब कोणीच मांडत नाही. माझ्या मते तो मुक्कामाच्या नियोजनाचा भाग आहे, आणि योजना ठरवताना चालक समोर बसलेला असावा.

गाडी कुठपर्यंत जाईल हे ओळखण्याची माझी सर्वांत विश्वासाची खूण मुक्कामी एसटी आहे. संध्याकाळी गावात येऊन थांबणारी आणि पहाटे शाळेची मुले व बाजारकरू घेऊन निघणारी बस जिथे जाते, तिथे रस्ता आहे, त्याला रुंदी आहे आणि मोठी गाडी वळवायला जागाही आहे. मोबाइलवरचा नकाशा ही शेवटची गोष्ट कधीच सांगत नाही. जंगलातली बैलगाडीची वाटसुद्धा तो बेधडक रस्ता म्हणून दाखवतो आणि वर मिनिटांचा हिशेब देतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांची अडचण उलटी आहे. पक्का रस्ता, गाडीवाट आणि पायवाट त्यांत वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेल्या असतात आणि डोंगराचा उतार समोच्च रेषांवरून उत्तम कळतो, पण मधल्या काळात झालेले रस्ते त्यांत नसतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली, आणि त्यानंतर वाड्या-वस्त्यांपर्यंत किती डांबर पोहोचले ते जुन्या नकाशावरून कळणार नाही. म्हणून कागदी नकाशा, उपग्रहाचे छायाचित्र आणि गावातल्या माणसाचा शब्द, हे तिन्ही जुळले तरच ते ठिकाण मी भेटीसाठी पक्के धरतो.

गावातल्या माणसाला प्रश्नही नीट विचारावा लागतो. "गाडी येते का?" असे विचारले की "येते की!" हेच उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते, कारण तिथल्या जीपवाल्याची गाडी खरोखरच येत असते. "एसटी कुठे थांबते? दुधाची गाडी पावसाळ्यात कुठपर्यंत येते?" असे विचारले, तर आपल्या सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरचे भवितव्य कळते. पन्हाळा–विशाळगड वाटेवर याचा प्रत्यय येतो. सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारा आपला रस्ता सोयीचा आहे आणि मसाई पठारानंतर पांढरपाणीपर्यंत वाटेवरच्या अनेक वाड्यांना गाडी भेटू शकते. पण जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्याच्या आणि पावनखिंडीच्या स्मरणार्थ सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो, तेव्हा ओल्या जांभ्या मातीत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या तासभर हलत नाहीत. आपल्या काळ्या रानात गाडी हाकलेल्यालाही त्या लाल चिखलाचा अंदाज येत नाही.

खरे तर आपल्या जिल्ह्याला ही शिस्त नवी नाही. वारीत दिंडीचा ट्रक तंबू आणि भांडी घेऊन पुढे निघतो, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे हे चालणाऱ्यांना आणि चालकाला आधीच ठाऊक असते, आणि त्यामुळे हजारो माणसे निर्धास्त चालतात. अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते, आणि ती कोणकोणता रस्ता कुठे ओलांडते व तिथे गाडी लावायला जागा आहे का, याच्या तपशीलवार नोंदी चालणाऱ्यांना मिळतात. आपल्याकडे ट्रेकची वर्णने ढिगाने लिहिली जातात, परंतु त्यांत सूर्योदयाला दोन परिच्छेद आणि रस्त्याला अर्धे वाक्य मिळते.

तेव्हा सोलापुरातल्या भटक्यांना विनंती अशी, की यापुढे ट्रेकबद्दल लिहिताना गाडी कोणत्या गावापर्यंत गेली, महिना कोणता होता, गाडी कोणती होती, ती वळवायला जागा होती का आणि तिथे मोबाइलला रेंज होती का, एवढे अवश्य लिहावे. मोहरीच्या रस्त्याची यंदाच्या पावसानंतरची स्थिती कोणी पाहिली असेल, तर खाली नक्की कळवा. दिवाळीनंतर आमचा गट तिकडे निघणार आहे आणि आमचा चालक ट्रॅव्हलर न्यायची की दोन जीप, हे त्यावरच ठरवणार आहे.