स्टोक रोची विहीर आणि गावाकडची नळयोजना

मागे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "इंग्रजांना पाणी पाजणारा काशीचा राजा", खाली सोनेरी हत्तीचा फोटो, आणि मग दोन दिवस नुसती जुंपली होती. काका म्हणे बघा आपली संस्कृती, शत्रूलाही पाणी देतो आपण. चुलतभाऊ म्हणे कसली संस्कृती, इकडे रयत उपाशी आणि हा साहेबाच्या गावात विहीर बांधतोय. ते गाव म्हणजे ऑक्सफर्डशायरमधलं स्टोक रो, मी रेडिंगला राहते तिथून अगदी जवळ, भारतातून कोणी आलं की आम्ही तिकडे घेऊन जातो. म्हणून लिहितेय, कारण या भांडणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कोणीच काढली नाही.

गाव छोटंसं. शाळा, चर्च, हॉल, दुकान, दोन नावाजलेले पब, बस. पण चिल्टर्नच्या या टेकड्या खडूच्या दगडाच्या, पाऊस पडतो तो सगळा खाली मुरतो, वर ना ओढा ना नाला. पूर्वी लोक तळ्या-डबक्यांत साठलेलं पाणी प्यायचे, कोरड्या दिवसांत लांबून वाहून आणायचे. इथल्याच इप्सडेनच्या घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड हिंदुस्थानात मोठा अधिकारी होता, आझमगढला त्याने १८३१ साली लोकांसाठी विहीर खणवली होती. घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं, ही आपल्या गावाकडची गोष्ट त्याने बनारसच्या महाराजांना, ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितलेली, ती त्यांच्या मनात राहिली आणि त्यांनी स्टोक रोच्या विहिरीला पैसे दिले असं सांगतात. १८६३ ला काम सुरू झालं आणि २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली.

३६८ फूट खोल आहे ती. रुंदी फक्त ४ फूट आणि सगळी माणसांनी हाताने खणलेली, कुतुबमिनार आत उभा केला तरी वर शंभरावर फूट उरतील. वर लोखंडी घुमट, खाली रहाट आणि त्यावर तो हत्ती. एक बादली वर यायला दहा मिनिटं लागायची म्हणे. विहिरीचा खर्च ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स.

पण मला आवडतं ते शेजारचं. विहिरीची राखण करणाऱ्यासाठी एक अष्टकोनी घर बांधलं आणि जवळच जमीन घेऊन चेरीची बाग लावली, नाव ईश्री बाग, चेरी विकून येणाऱ्या पैशातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून! त्या बागेत माशाच्या आकाराचं तळंसुद्धा आहे, मासा हे महाराजांचं चिन्ह. म्हणजे उद्या दोर तुटला तर पैसे कुठून आणायचे याचा विचार झालेला. पुढे गावात नळ आले तोपर्यंत कित्येक वर्षं लोकांनी हे पाणी फुकट भरलं.

चुलतभावाचा राग मला पटतो. महाराजांचे पैसे शेवटी शेतसाऱ्यातूनच आलेले, विहीर झाल्यावर दोनच वर्षांनी ओरिसात दुष्काळ पडून लाखो माणसं मेली, आणि १८५७ नंतर इंग्रजांशी सलोखा ठेवणं संस्थानिकांच्या सोयीचंही होतं. आणि इथलं सगळं छान असंही नाही, १९८९ मध्ये पाणी कंपन्या खासगी केल्या, आता नद्यांत सांडपाणी सोडतात म्हणून लोक प्रचंड चिडलेत. पण गावपातळीवर एक गोष्ट चांगली आहे, पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत, कौन्सिल टॅक्समधूनच (आपल्या घरपट्टीसारखा कर) स्वतःचा छोटा कर घेते आणि त्या पैशाचं काय केलं हे लोकांना सांगावं लागतं.

आता आमच्या गावाकडे बघा. टाकी झाली, पाइपलाइन झाली, उद्घाटनाला सगळ्यांच्या नावाची कोनशिला लागली, आणि मग मोटर जळली की महिना महिना कोरडा, वीजबिल थकलं की कनेक्शन कट, मग टँकर. आपण वाद घालतो तो योजना कुणाच्या काळात आली यावर, मोटर रिवाइंड करायचे पैसे कुणाकडे आहेत यावर कोणी एक मेसेज टाकत नाही. तोच चुलतभाऊ गावच्या पाणीपुरवठा समितीवर आहे, त्याला हे म्हटलं तर म्हणाला पाणीपट्टी वाढवली तर पुढच्या निवडणुकीत पडतो आम्ही, आणि निम्मी पट्टी तशीही थकलेलीच असते. त्याचं खरंच आहे, मला इथे बसून बोलायला काय जातंय. पण मग मी त्याला चिंचांचं विचारलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या चिंचेच्या झाडांचा दरवर्षी लिलाव होतो, ते पैसे इतर जमेत मिसळून जातात. तेवढे वेगळ्या खात्यात टाका ना, फक्त मोटर आणि वीजबिलासाठी, आणि हिशेब चावडीवर लावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडतो म्हणालाय, काकांनीही पहिल्यांदाच त्याला अंगठा दिलाय ग्रुपवर.