वर्कशॉपच्या मालकाचे उत्तर: ‘साध्या कामाला आठवडा लावला’

नमस्कार साहेब. जनरेटर बंद राहून आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘नोझल बदलायचं साधं काम, आठवडा लावला आणि शेवटी खापर आमच्याच तेलावर फोडलं’ हे आपण चारचौघांत लिहिलंत, ते मनाला लागलं.

सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे नोझल आम्ही पहिल्याच दिवशी काढले होते. टोकाची भोकं झिजलेली, फवाऱ्याऐवजी धार पडत होती. ते बदलून इंजिन संध्याकाळी देता आलं असतं, आपण खूशही झाला असता, थोडे दिवस. पण कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, चारही सिलिंडरला सारखंच उतरलेलं. एकालाच असतं तर तिथलं काहीतरी गेलं म्हणता येतं. सगळीकडे सारखी झीज म्हणजे झिजवणारी वस्तू हवेतून येतेय किंवा इंधनातून. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवलं, कोरडं आणि स्वच्छ. तरी खात्रीसाठी इंजिन ऑइलचा नमुना लॅबला दिला. झिजेचं लोखंड भरपूर, पण धुळीतून येणारं सिलिकॉन नेहमीएवढंच, म्हणजे धूळ नाही. दिवस गेले ते या रिपोर्टसाठी, आणि तसं फोनवर सांगितलं होतं. मग डिझेलचा पंप उघडला तर प्लंजरवर, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर, उभे ओरखडे. म्हणजे झिजवणारी वस्तू इंधनातूनच येत होती.

डिझेलमध्ये काळं, म्हणजे वापरून काढलेलं इंजिन ऑइल मिसळता, हे आपण इंजिन देताना बोलला नाहीत. टाकीचा तळ दाखवल्यावर बोललात. आधी कळलं असतं तर पंपच पहिला उघडला असता! ‘फडक्यातून गाळून घेतो’ म्हणालात. साहेब, प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट २ ते ४ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. फडक्यातून त्याच्या कितीतरी पट मोठे कण आरामात जातात. आणि ऑइलमधलं कॅल्शियम, जस्त तर त्यात मिसळूनच असतं, ते चांगला फिल्टरही अडवत नाही. जळलं की त्याची राख होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर पांढुरका थर होता तो तोच, फोटो आपल्याकडे आहेत.

तपासणीचे पैसे हेड उघडण्याआधी विचारूनच घेतले. बाकी, काम कुठवर आलं ते वेळेवर कळवायची काहीतरी सोय करतोय. जुने प्लंजर आणि पिस्टनच्या रिंगा पिशवीत बांधून ठेवल्यात, हव्या त्या मेकॅनिकला दाखवा. फक्त पंप नवा आहे, टाकीत उरलेलं ते तेल आधी काढून टाका.