म्हणे, "एक एक्सेल ठेव की!"

पुस्तकाच्या हिशेबाचं रडगाणं गायलं की "एक एक्सेल ठेव की, त्यात काय एवढं!" असं सांगणाऱ्याने क्लायंटची कामं सांभाळत स्वतः छापलेलं पुस्तक वर्षभर विकून दाखवावं. विक्रीचा आकडा आणि बँकेत पडणारा आकडा कधीच जुळत नाही, हे यांच्या गावीही नसतं.

वेबसाइटवर 300 रुपयांच्या 10 प्रती गेल्या. 3000 येतील? डोंबल! पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी कंपनी, 2 टक्के कापणार, म्हणजे 60. त्या 60 वर 18 टक्के जीएसटी, 10.80. हातात 2929.20, तेही इतर ऑर्डरींच्या पैशांत मिसळून, दोन-तीन दिवसांनी. वहीत तेवढंच उत्पन्न लिहिलंत की फसलात. उत्पन्न 3000, खर्च 70.80. म्हणून दर महिन्याला गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट (कशाचे किती पैसे खात्यात पाठवले त्याची यादी) उतरवा आणि रकमेवरून नाही, यूटीआर नंबरवरून, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराच्या क्रमांकावरून जुळवा.

किंडलवरच्या ई-बुकची रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चची विक्री पुढच्या आर्थिक वर्षात जमा! अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर वेगळा: टॅक्सच्या फॉर्मात पॅन देऊन भारत-अमेरिका करविषयक कराराचा फायदा मागितला तर 15 टक्के, नाहीतर सरळ 30.

दुकानदार तर महाभाग. 40 टक्के कमिशन, वर "विकली तर पैसे". त्यामुळे दिलेल्या प्रती म्हणजे विक्री नव्हे. दिल्या, विकल्या, परत आल्या, फाटल्या असे चार रकाने ठेवा. हिशेब मागितला की उत्तर ठरलेलं: "पुढच्या महिन्यात बघू."

क्लायंट 60,000 च्या बिलावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून 54,000 देतो. उरलेले 6,000 आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26एएस या आयकर खात्याच्या पत्रकात दिसणार, तो टीडीएसचं तिमाही रिटर्न भरेल तेव्हा. जानेवारी-मार्चची मुदतच 31 मे. त्याच्या अकाउंटंटने पॅनचं एक अक्षर चुकवलं तर बसा फोन करत.

"छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, मग मोजायचं कशाला?" अहो, जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेत एकाच पॅनवरची सगळी उलाढाल धरतात, करमुक्त पुस्तकंसुद्धा!

पुस्तकाला वेगळं खातं आणि वेगळी बिलमालिका, याशिवाय गत्यंतर नाही. तरी लोक क्लायंटच्या कामासाठी ठेवलेल्या आपल्याच क्यूआरवर 300 टाकतात, शेरा कोरा. "पुस्तक" एवढं लिहायला काय जातं हो? जुलैत सीए विचारतो, "हे 300 कसले?"