पंधरा दिवसांत नांदावयास यावे

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 ला, म्हणजे सोडून गेलेल्या जोडीदाराला कोर्टाच्या हुकमानं नांदायला बोलावण्याच्या तरतुदीला, आव्हान देणारी याचिका 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, तेव्हापासून आमच्या दापोलीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून उकळतो. काकांचं मत ठाम : ‘ही विलायती थेरं. लग्न झालं की बाईनं नांदायचं, एवढं साधं आहे.’ मी लंडनला राहतो, म्हणजे थेरांची वखार माझ्याकडेच.

पण काका, विलायती आहे ते हे कलमच. ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’ हा दावा इथल्या चर्चच्या न्यायालयांतला. शरीरसंबंधाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून हक्क, सहवास, संसारसुख. 1885 मध्ये, बालपणी लग्न लावून दिलेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या बाजूनं निकाल देताना न्या. पिन्ही यांनी सांगितलं होतं, की हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडातून आणलेला आहे. इंग्लंडनं तर त्याच्या आदल्याच वर्षी असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवलं होतं. तरी अपिलानंतर 1887 मध्ये मुंबईत उलट हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या ‘केसरी’नंही रखमाबाईंनाच धारेवर धरलं. शेवटी तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला येऊन डॉक्टरकी शिकल्या.

इंग्लंडनं 1970 च्या कायद्यानं हा दावाच मोडीत काढला. आपण तो 1955 मध्ये कलम म्हणून लिहून घेतला आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला. (इथलेही काही कमी सोवळे नाहीत. लग्न ‘पूर्णत्वाला गेलं नाही’ म्हणून ते रद्द करून घेण्याची सोय इथे अजून आहे.)

नांदणं म्हणजे काय, हे कोकणाला कुणी शिकवायला नको. नवरा परळला गिरणीत, बायको गावी सासूसासऱ्यांपाशी. भाताची लावणी, गुरं, मनीऑर्डरची वाट. चाकरमानी दिसायचा तो गणपतीत नाहीतर शिमग्याला. तरी ती ‘नांदतेय’ असंच गाव म्हणायचं, आणि सहवास बुडवला म्हणून नवऱ्यावर दावा लावायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. शेज आणि शेत दोन्ही त्या एका शब्दात मावायचं, सोयीप्रमाणे.

आमच्या नात्यातल्या एका मुलीला आलेली नोटीस मी वाचली. ‘सबळ कारणाशिवाय माहेरी निघून गेलात, आमच्या अशिलांना वैवाहिक सुखापासून वंचित ठेवलेत, पंधरा दिवसांत नांदावयास यावे.’ नवऱ्याला ती खरंच परत हवी आहे, असं त्याची आईसुद्धा म्हणत नाही. हुकूम झाला तरी पोलीस तिला उचलून आणणार नाहीत, फार तर मालमत्तेवर जप्ती. वर्षभर एकत्र राहिले नाहीत, की त्याच हुकमाच्या आधारे घटस्फोट मागता येतो. शिवाय पोटगी टाळायला ‘मी बोलावलं, ती आली नाही’ एवढं हाताशी राहतं. तेवढ्यावर पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 10 जानेवारी 2025 ला स्पष्ट केलंय.

तो निकाल मी ग्रुपवर टाकला. काकांनी हात जोडल्याची खूण पाठवली. मुलीनं पोटगीचा अर्ज मागे घेतलेला नाही. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.