"आबासाहेब कधी हरलेच नाहीत" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

जुलैचा शेवट आला की हा मेसेज परत फिरायला लागतो, कारण ३० जुलै २०२१ ला गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, गेले. मजकूर दरवर्षी थोडा बदलतो पण गाभा तोच. सांगोल्याचे आमदार, सलग ११ वेळा निवडून आले, ५५ वर्षं विधानसभेत, आयुष्यात एकही निवडणूक हरले नाहीत, मंत्रिपदाला कधी हात लावला नाही, करुणानिधींचा रेकॉर्ड मोडला, शिक्षण नसलेला साधा शेतकरी, एसटीने फिरायचे म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यांच्याबरोबर सांगोल्यातला शेकाप संपला. खाली हात जोडलेले इमोजी.

मला आबासाहेबांबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा मेसेज खटकतो. यातल्या निम्म्या गोष्टी चूक आहेत, आणि चुकीच्या गोष्टींनी त्यांचं खरं काम झाकून टाकलंय. एकेक मुद्दा घेऊ.

"कधीच हरले नाहीत." हरले. एकदा नाही, दोनदा. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिलीच विधानसभा निवडणूक, मग १९६७ ला परत आले, आणि १९७२ ला पडले. त्या वर्षीची हवा आठवा, बांगलादेश युद्ध नुकतंच झालेलं, इंदिरा गांधींची लाट, काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा. त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, भले भले गेले त्यात सांगोलाही गेलं. मग १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि ते परत आले. आता मेसेज लिहिणाऱ्याने "सलग" लिहिताना ही दोन वर्षं खाऊन टाकली, पण ती दोन वर्षं कुठली होती? १९७२ चा दुष्काळ! माणदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, सुकडी, खडी फोडायची कामं, जनावरं विकलेली, सगळं सांगतील. राज्याच्या आठवणीतल्या सगळ्यात वाईट दुष्काळाच्या सुरुवातीला सांगोल्याचा हा माणूस सभागृहाच्या बाहेर होता. आणि तरी दोन वर्षांत लोकांनी त्याला परत आत पाठवला. यातून त्यांच्याबद्दल जे कळतं ते "एकही पराभव नाही" या वाक्यातून कधीच कळणार नाही.

दुसरा पराभव १९९५ चा, आणि तो तर फक्त १९२ मतांनी. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, तेच ते, २०२२ ला "काय झाडी, काय डोंगार" मुळे अख्ख्या राज्याला माहीत झाले ते. गंमत बघा, त्या निवडणुकीत राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, युतीचं सरकार आलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेस जिंकली. सात वेळा निवडून आलेला माणूस, सत्तरीला टेकलेला, १९२ मतांनी पडतो. बरेच जण इथे घरी बसले असते किंवा दुसऱ्या पक्षाचं दार ठोठावलं असतं. पक्ष बदलायला तेव्हा काय कमी संधी होत्या का, शेकापमधून काँग्रेसमध्ये गेलेल्यांची रांग तर यशवंतरावांच्या काळापासून आहे. हे गेले नाहीत, त्याच पक्षात राहिले, आणि १९९९ ला परत निवडून आले, मग २००४, २००९, २०१४. म्हणजे ११ पैकी चार विजय त्या १९२ मतांच्या पराभवानंतरचे आहेत. तो पराभव पुसला की हे चारही विजय साधे वाटायला लागतात, माझं म्हणणं एवढंच आहे.

"५५ वर्षं आमदार." साधी बेरीज करा. १९६२ ते ७२ दहा, १९७४ ते ९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न होतात, महिने इकडेतिकडे धरा. एक्कावन्न वर्षं काय कमी आहेत का? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सभागृहात पाऊल ठेवलं आणि बाहेर पडले तेव्हा फडणवीस मुख्यमंत्री होते. चार वर्षं वाढवून मिळणार काय आहे.

"देशातला रेकॉर्ड, करुणानिधींना मागे टाकलं." नाही हो. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत १३ वेळा निवडून आले आणि खरोखर एकदाही हरले नाहीत. फरक हा की त्यांनी मतदारसंघ बदलले, कुळितलै, तंजावर, सैदापेट, चेपॉक, तिरुवारूर असे. मग कुणी म्हणतं बरं, एकाच मतदारसंघातून सगळ्यात जास्त वेळा तरी आबासाहेबच ना? तेही नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा जिंकले. पुथुपल्लीतून ओमन चंडी १२ वेळा, १९७० पासून मरेपर्यंत. महाराष्ट्रात मात्र ११ हा आकडा कुणाला गाठता आलेला नाही, ते खरंय आणि ते अभिमानाने सांगा.

"मंत्रिपद कधी घेतलं नाही." या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण हा दिसायला कौतुकाचा आहे पण राजकारणाची समजच बिघडवणारा आहे. आबासाहेब दोनदा मंत्री होते. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात. त्याआधी १९७७-७८ ला विधानसभेत विरोधी पक्षनेते पण होते. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० ला केंद्राने बरखास्त केलं. आणि २००२ ला शेकापने विलासरावांचा पाठिंबा काढला, सरकार पडतंय का राहतंय अशी वेळ आली होती, आमदार राज्याबाहेर नेऊन ठेवलेले, तेव्हाचे पेपर वाचलेल्यांना आठवत असेल. म्हणजे दोन्ही वेळा सत्ता आली आणि अर्ध्यात गेली. एक्कावन्न वर्षांत सत्तेतली वर्षं मोजली तर पाच पण भरत नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर, छोट्या पक्षाचा आमदार म्हणून. आता विचार करा, विरोधी बाकावरून मतदारसंघाची कामं करून घ्यायची म्हणजे काय असतं. अर्थसंकल्प वाचायचा, प्रश्न लावायचे, लक्षवेधी लावायची, अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत फाइल कुठे अडलीय ते बघायचं. त्यागी म्हणून पूजा केली की हे सगळं कष्टाचं काम दिसेनासं होतं. मंत्रिपद घेणं यात लाज वाटण्यासारखं काय आहे? उलट रोज सत्तेसाठी पक्ष बदलणाऱ्यांच्या काळात, मंत्रिपद मिळालं, वापरलं, गेलं, आणि माणूस होता तिथेच राहिला, हे सांगण्यासारखं आहे की नाही?

"शिक्षण नसलेला साधा शेतकरी." मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायदा शिकलेले, वकील. सांगोला हे त्यांचं जन्मगावसुद्धा नाही, ते तिथे वकिली करायला आले आणि तिथले झाले. शेतकरी कामगार पक्ष हा पण काही भोळ्या लोकांचा मेळावा नव्हता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला डाव्या विचाराचा पक्ष, ज्याची शिबिरं व्हायची, अभ्यासवर्ग व्हायचे. आबासाहेब त्या शाळेतले. अडाणी म्हटलं की त्यांची पन्नास वर्षांची बैठक आणि वाचन वजा होतं.

एसटीने फिरायचे हे खरं आहे. आमदारासाठी राखीव लिहिलेली सीट प्रत्येक लाल गाडीत असते, तिच्यावर खरोखर बसणारा आमदार लोकांनी बहुतेक हाच पाहिला. पण एसटीने फिरतो म्हणून कुणी ११ वेळा निवडून देत नाही. सांगोल्याचा प्रश्न होता पाणी. माण नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी, पाऊस तुटपुंजा, कालव्याचं पाणी यायचं तर शेपटाला. १९९३ ला आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली, डॉ. भारत पाटणकर होते, आणि आबासाहेब होते. मागणी काय, तर कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसाला नाही, उचलून दुष्काळी तालुक्यांना पण द्या, आणि समन्यायी द्या. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने दिलेलं पाणी २००० सालाच्या आत अडवलं नाही तर हातचं जाईल हा धोका तेव्हा डोक्यावर होता, त्यातून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ आलं, टेंभूसारख्या उपसा योजनांना गती आली. आता तारखा जुळवा. १९९५ ला ते पडले होते. म्हणजे हा लढा ऐन जोरात असताना ते आमदार नव्हते, आणि तरी परिषदेत होतेच. नागनाथअण्णा २०१२ ला गेले, त्यानंतरही आबासाहेबांनी परिषद सोडली नाही. टेंभूचं पाणी कधी आलं, किती आलं, कुठल्या गावाला अजून नाही, यावर सांगोल्यात आजही भांडणं होतात आणि व्हायला पाहिजेत. कुणा एका माणसाने पाणी आणलं असं म्हणणं पण चूकच.

आणि सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, नंतर महिलांची वेगळी. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या किती निघाल्या आणि किती बंद पडल्या, संचालकांची घरं झाली आणि सभासदांचे शेअर बुडाले, हे माहीत असेल तर सांगोल्याची गिरणी चालणं म्हणजे काय ते कळेल. मेसेजमध्ये याची एक ओळ नाही.

या मेसेजखाली एक उलटी प्रतिक्रिया पण कायम येते, की सोडा हो, धनगर समाजाची मतं होती म्हणून निवडून आले. ते धनगर समाजातले होते आणि तालुक्यात समाज मोठा आहे, हे कोण नाकारतंय. पण मग १९७२ ला समाज कुठे गेला होता? १९९५ ला १९२ मतं कुठे कमी पडली? जात तीच, माणूस तोच, तालुका तोच, आणि निकाल वेगळा. लोकांनी दर वेळी ठरवून मत दिलंय, दोनदा ठरवून नाकारलंय पण. "हरणं शक्यच नव्हतं" असं म्हणणारा भक्त आणि "जातीमुळे जिंकले" असं म्हणणारा टीकाकार, दोघंही सांगोल्याच्या मतदाराला डोकं नाही असंच धरून चालतात.

शेवटचा, "त्यांच्याबरोबर सांगोल्यातला शेकाप संपला." २०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत, नव्वदी पार झालेली. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. हा मेसेज बहुतेक त्याच काळात लिहिलेला आणि कुणी दुरुस्त केला नाही. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच उभे राहिले, तेच शहाजीबापू समोर, आणि जिंकले. आता घराणेशाही म्हणून त्यावर टीका करायची तर जरूर करा, तो प्रश्न मलाही पडतो. पण संपला म्हणू नका, सांगोल्याचा आमदार आज परत शेकापचा आहे.