‘चिपने डीएफआय 38 वरून 3 वर आला, मग वायफळ खर्च कसा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे. म्हणणं थोडक्यात असं: आयव्हीएफमध्ये शुक्राणू निवडण्याच्या चिपला आमच्या लेखात ‘वायफळ खर्च’ म्हटलंय, पण तुमच्या रिपोर्टात शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड, म्हणजे डीएफआय, 38 टक्के होता आणि चिपमधून काढल्यावर 3 टक्के झाला.

आकडा खोटा नाही. चिपमध्ये काय होतं ते पाहिलं की तो अपेक्षितच वाटतो. नेहमीच्या एका चिपमध्ये साधारण 850 मायक्रोलिटर वीर्य खाली सोडतात, मधे सूक्ष्म छिद्रांचा पडदा, वर 750 मायक्रोलिटर मिडियम, म्हणजे शुक्राणूंना जगवणारा द्रव. 37 अंशांवर अर्धा तास ठेवून वरून 500 मायक्रोलिटर उचलतात. पडदा पार करून वर येतात ते फक्त नीट पोहणारे. मेलेले, अडखळणारे, पांढऱ्या पेशी, सगळा गाळ खालीच. डीएनए तुटलेल्यांचं प्रमाण त्या गाळातच जास्त असतं.

म्हणजे 38 हा अख्ख्या नमुन्याचा आकडा. इक्सीत, म्हणजे शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात त्या पद्धतीत, मात्र अख्खा नमुना कोणी वापरतच नाही. एका बीजासाठी एकच शुक्राणू, तोही 200 ते 400 पट मोठा करून, हालचाल आणि आकार बघून, पीव्हीपी नावाच्या दाट द्रवाच्या थेंबात मंदावून उचललेला. मेलेले तिथे आपोआप गळतात. तुलना करायची तर चिपनंतरचे शुक्राणू आणि एरवी सुईत आले असते ते शुक्राणू यांची करायला हवी, आणि ती तुमच्या रिपोर्टात नाही. डीएनए तुटलाय की नाही हे दिसण्यावरून कळत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर.

सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवल्याने शुक्राणूंचा डीएनए तुटतो, हा आक्षेपही अर्धा मान्य. ग्रेडियंटमध्ये, म्हणजे दाट-पातळ द्रवांच्या थरांतून शुक्राणू वेगळे करायच्या नेहमीच्या पद्धतीत, तळाशी 80 टक्क्यांचा 1 मिली थर, त्यावर 40 टक्क्यांचा 1 मिली, वर वीर्य. गुरुत्वाकर्षणाच्या 300 पट जोराने 15 ते 20 मिनिटं फिरवतात. वेग किंवा वेळ वाढवली, त्यात नमुन्यात पांढऱ्या पेशी भरपूर असल्या, की ऑक्सिडेशनने डीएनएला धक्का बसतो. दुसरी चूक हाताची: वरचे थर काढलेलं तेच पिपेट तळाशी बसलेल्या शुक्राणूंच्या गोळ्याकडे नेलं की गाळ पुन्हा त्यात येतो. पण ही कामातली हयगय झाली, पद्धतीचा दोष नव्हे.

आता बाळाचं. हायल्युरोननला (स्त्रीबीजाभोवती असणारा पदार्थ) चिकटणारे शुक्राणू निवडायच्या पिक्सी या दुसऱ्या पद्धतीची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. जोडपी 2772. पूर्ण दिवसांचं बाळ पिक्सीत 27.4 टक्के, साध्या इक्सीत 25.2, हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. गर्भपात मात्र 7 वरून 4.3 टक्क्यांवर आले. तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, तरी दुर्लक्ष करण्याजोगं नाही, आणि लेखात हे यायला हवं होतं. चिपने बाळांचं प्रमाण वाढतं हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या एश्रे संस्थेने 2023 मध्ये चिप, पिक्सी, इम्सी (खूप जास्त मोठा करून शुक्राणू निवडणं) आणि मॅक्स (चुंबकाने निवडणं), यांपैकी काहीच सरसकट वापरू नका असं सुचवलंय.

मग चिप कोणाला? डीएफआय दोनदा तपासूनही जास्त, आधीचे गर्भपात किंवा फसलेल्या आयव्हीएफ सायकल, आणि काउंट (शुक्राणूंची संख्या) बरा. काउंट फारच कमी असेल तर अर्ध्या तासाने वर चार-दोन शुक्राणू मिळतात, कधी तेही नाही. नमुना मात्र संपलेला असतो. अशा वेळी थोडा नमुना आधीच बाजूला ठेवायला सांगा. डीएफआयच्या दोन्ही तपासण्या एकाच पद्धतीने होऊ द्या. स्कसा, ट्यूनेल आणि हेलो या तो मोजायच्या वेगवेगळ्या पद्धती, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

त्याआधी साधे उपाय. पाच-सहा दिवसांच्या संयमाऐवजी एका दिवसाने नमुना दिला तरी डीएफआय बऱ्याचदा उतरतो, कारण शुक्राणू साठून राहत नाहीत. मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून पुन्हा तपासा. तंबाखू सोडा. व्हेरिकोसील (अंडकोशातल्या शिरा फुगणं) आहे का ते यूरोलॉजिस्टकडून बघून घ्या.

‘वायफळ’ हा शब्द मात्र चुकला. लेखात आज तो बदलून ‘सरसकट नको’ केलाय.