रिटर्न पाइपला बूच मारू नका रे भावांनो
ग्रुपवर फिरतंय की बोटीच्या डिझेल इंजिनचा रिटर्न पाइप बंद केला की डिझेल वाचतं. साफ खोटं हाय. इंजेक्टरमधनं आलेलं जादा डिझेल त्या पाइपनं टाकीतच परत जातंय, वाया कुठं गेलं? बूच मारलं की प्रेशर तुंबतं, वायसरीतनं डिझेल गळतं आणि बोटीच्या तळाला साचलं की आगीची भीती वेगळीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फिटरला विचारा, हसंल. त्यापेक्षा वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची) वाटी बघा, तळाला पाणी दिसलं तर कॉक सोडून काढा, हे आधीच करा, पंचगंगा 39 फुटाला म्हणजे पुराच्या इशारा पातळीवर आल्यावर कुठला वेळ. फिल्टर बदलला की ब्लीड स्क्रू (आतली हवा काढायचा स्क्रू) ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की मगच स्क्रू आवळा.